बांधीतला शेक्सपिअर

जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने रात्री रानडुकरं हाकलायला जाऊ नये. पण सासुरवाड मोहर्लीजवळ, धान लोंबीवर आलेलं, आणि मेहुण्याने विचारलं, "येता का जागलीला, भाऊजी?" जावई नाही कसा म्हणणार?

मचाणावर मेहुण्याने पिशवीतून सुतळी बॉम्ब काढला आणि मला 'हॅम्लेट' चढलं. 'आपल्याच पेटार्डने उडणे' हा इंग्रजीतला वाक्प्रचार तिथला, १६००च्या आसपासचा.

"पेटार्ड? हा कोनता फटाका? भद्रावतीत भेटते का?"

मग काय, तासच सुरू झाला. पेटार्ड म्हणजे घंटेसारखं धातूचं भांडं, आत ठासलेली दारू. आपल्या चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजासारखा दरवाजा गाठायचा, ते त्याला टांगायचं, वात पेटवायची आणि धूम ठोकायची. वात दगा देई. मग दरवाजाआधी सुरुंगवालाच उडे. (१८१८ साली इंग्रजांनी चंद्रपूरचा कोट लांबून तोफांनी फोडला. शहाणे.) शब्दाच्या मुळाशी फ्रेंचांचं पादणं आहे म्हटल्यावर मेहुणा पहिल्यांदाच सावरून बसला.

प्रात्यक्षिकाशिवाय मास्तराचा धडा पुरा होत नाही. मी उदबत्तीने वात पेटवली. दवाने सादळलेली ती 'फुस्स' करून विझली. व्युत्पत्ती सिद्ध झाली, म्हणून समाधानाने बॉम्ब मचाणावरच ठेवून मी दुसरा शोधू लागलो. तेवढ्यात पहिल्यातून पुन्हा धूर निघाला.

मेहुण्याने काठीने तो अलगद पलीकडे ढकलला आणि तो धुऱ्यावर जाऊन फुटला. म्हणजे उडी मारायची काहीच गरज नव्हती. पण मी तोवर हवेत होतो. हॅम्लेटचा सुरुंगवाला वर गेला, मी खाली आलो, गुडघाभर चिखलाच्या बांधीत. ताडोबाच्या वेशीवर, अंधारात, चिखलात पाय रुतलेले असताना वाघ आठवतो. त्यानंतर मी कुठेकुठे धावलो ते मला सांगता येणार नाही. धानाकडे बघून कुणालाही सांगता आलं असतं.

सकाळी पाहणी झाली. डुकरांनी एक कोपरा खाल्ला होता. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो होतो, आणि परतही आलो होतो. डुकरांच्या नुकसानीची वनखातं भरपाई देतं, त्याचा पंचनामा होतो. मेहुणा बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला.

"डुकराचं नाव लिहता येते, भाऊजी. तुमाले कोनत्या रकान्यात टाकू?"