आजी पंख्याकडे बघत होत्या

अहो, ऐकलंत का? समोरच्या घरातल्या नातवाचा उलगडा झाला बरं! अंथरूण ओलं करतो हे अख्ख्या सोसायटीला ठाऊकच. आजीच आल्यागेल्याला सांगायच्या, 'एवढा 7 वर्षांचा घोडा, मुद्दाम करतो!' तीळगूळ खाऊ घालून झाला, दृष्ट काढून झाली, संध्याकाळनंतर पाणी बंद... बिचारं लेकरू.

तर काय सांगत होते, शेवटी सूनबाई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आजी बरोबर, त्यांच्याशिवाय कसं व्हायचं! डॉक्टरांनी आधी काय विचारलं, तर शी रोज होते का. कसली होते हो! फ्लशच्या आवाजाला घाबरतो म्हणून शाळेच्या संडासात पाऊल टाकत नाही. मिक्सर लावला की कान झाकतो, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडतो, गणपतीत ढोल सुरू झाले तेव्हा टेबलाखाली जाऊन बसलेला आठवतोय ना? मग शी साठते, लघवीच्या पिशवीवर दाब येतो, आणि रात्री व्हायचं ते होतं.

पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणताना सूनबाईंची जीभ वळत नव्हती, त्या म्हणाल्या, काही मुलांना बाहेरचं फार जाणवतं आणि आतलं कळतच नाही. पिशवी भरली तरी पत्ता नाही. सगळ्यांचंच कारण हे नसतं हं. 5 वर्षांची शंभरातली 15 मुलं अंथरूण ओलं करतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं.

पण खरी गंमत वेगळीच! डॉक्टरांनी सहज विचारलं, 'वडिलांना लहानपणी होतं का असं?' सूनबाई आजींकडे बघतायत, आजी पंख्याकडे! डॉक्टर म्हणाले, आईवडिलांपैकी एकाला असलं तर शंभरातल्या 44 मुलांना... आजींचं तोंड एवढंसं झालं. हळूच म्हणाल्या, 'चौथीपर्यंत.' सूनबाईंना लग्न झाल्यापासून पत्ता नाही, विचार करा!

आता दिवसा पाणी भरपूर, संडासात पायाखाली छोटं स्टूल, आणि तो बाहेर आला की मग सूनबाई फ्लश ओढतात. पोरगं खुशीत आहे. आणि आजी? अहो, काल कट्ट्यावर मान ताठ करून सांगत होत्या, 'आमच्या घराण्यातच आहे ते!' जशी काही पिढीजात पैठणी!