जागा रिकामी नाही

देवानं प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही कृपादान दिलेलं असतं, असं पौल म्हणतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात तो नऊ दानं मोजतो, रोमच्या मंडळीला लिहिताना सात. माझी तक्रार एवढीच, की कोणाला कोणतं ते त्यानं नावानिशी लिहिलं नाही. त्यामुळे आम्हां बाळापूरच्या चार-सहा घरांना, आठवड्याच्या कॉटेज प्रार्थनेत बसून, आपापलं दान आपणच हुडकावं लागतं.

पाळकसाहेबांनी एकदा त्यासाठी चाचणीचे कागद वाटले. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, आणि ते आपले आपणच द्यायचे. मी नम्रपणे सगळीकडे पाच लिहिले. बेरीज केली तर यादीतली सगळीच दानं माझ्याकडे निघाली!

"भाऊ, एवढी तर पौलालाही नव्हती," साहेब म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

सुरुवात बोध करण्याच्या दानापासून केली. तालमीला मी नदीकाठची मिर्झा राजे जयसिंगांची छत्री निवडली. दगडी खांबांमध्ये आवाज चांगला घुमतो. पश्चात्तापावर मी रंगात आलो असताना दोन पोरं सायकल थांबवून ऐकू लागली.

"काका, कोन्त्या पक्षाचे?"

"प्रभूच्या," मी गंभीरपणे म्हणालो.

"चिन्ह काय भेटलं?"

प्रत्यक्ष बोध मात्र प्रार्थनेच्या दिवशी झाला. म्हणजे सुरू झाला. प्रस्तावना संपवून मी श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात मागून कोणीतरी खणखणीत "आमेन" म्हटलं, आणि सगळे चहाला उठले.

मग मी अन्य भाषांच्या दानाकडे वळलो. त्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृती झाली, आणि तिथल्या मुली अन्य भाषांमधून प्रार्थना करू लागल्याची बातमी देशोदेशी गेली. आमच्याच वऱ्हाडात काम केलेल्या जेनी फुलरबाईंच्या १९०० सालच्या पुस्तकाला रमाबाईंचीच प्रस्तावना होती, तेव्हा मला तर हे घरचंच कार्य वाटलं. मी पहाटे उठून वाट पाहू लागलो.

"मराठीत 'दयन आना' म्हटलं तं तुमाले समजत नाही," बायको म्हणाली, "तिथं कोन्ती भाषा समजनार?"

तिनं नकळत पौलाचाच नियम सांगितला होता. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं, असं तो पुढच्याच पानांवर लिहितो. शिवाय खुद्द रमाबाईंनी काय केलं? बायबल मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या, आणि आयुष्याची अखेरची वर्षं त्या भाषांतराला दिली. त्या १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ साली निघालं. त्या मानानं पहाटे पाचला उठणं मलाच जरा कमी वाटू लागलं, म्हणून मी पुन्हा आठला उठू लागलो.

रोमच्या यादीत दयेचंही दान आहे, आणि दया करणाऱ्यानं ती हसतमुखानं करावी, अशी पौलाची अट आहे. मंडळीतल्या एका गृहस्थांचं अकोल्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. मी हसतमुखानं पोचलो आणि त्यांनाही हसवायला लागलो. ते टाके धरून "नको, नको" म्हणत होते. मला वाटलं, संकोचतायत. शेवटी नर्सनं माझी दया दाराबाहेर काढली.

आता पाळकसाहेबांनी मला प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, उघडून दिला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत भांडण झालं ते सिद्धांतावरून नाही, जेवणावरून. काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी त्या कामाला सात माणसं निवडायला सांगितली, आणि ती आत्म्यानं व ज्ञानानं पूर्ण असावीत, ही अट घातली. वाढप्याला एवढी पात्रता! पौलाच्या १२व्या अध्यायातही, २८व्या वचनात, साहाय्य करण्याचं दान रोग बरे करण्याच्या दानाला लागूनच बसलंय.

म्हणजे निदान हे तरी जमेल, म्हणून प्रार्थनेनंतर मी सतरंजीला हात घातला. एके काळी सतरंज्या विणणाऱ्या गावात राहून सतरंजी उचलायला काय लागतं?

"ठेव थे खाली!" मावशी कडाडल्या. ही सतरंजी मी पोरसवदा होतो तेव्हापासून त्याच घालतात. "कानाले कान जुयला नाही, मंदात धूळ तशीच. पुढच्या टायमाले यावर लेकरं बसनार हायेत, समजलं?"

कोणतं लेकरू कुठं बसतं, कोणाचे गुडघे दुखतात म्हणून भिंतीशी दुहेरी घडी लागते, कोणाच्या घरी चूल पेटली नाही म्हणून उरलेला चिवडा कोणाच्या पिशवीत गुपचूप जातो, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात. तिनं चाचणीचा कागद भरला नव्हता. तिला तेव्हा चहाचे कप विसळायचे होते.

"मले मदतनीस नको," त्या म्हणाल्या, "पन चपला पायाखाली येतात, त्या लावत जाय."

सध्या माझी सेवा दाराशी, चपलांच्या रांगेत आहे. डावी-उजवी अजून चुकते. काम सुधारलं तर पावसाळ्यानंतर सतरंजीचं एक टोक धरायला मिळेल, असं मावशींनी कबूल केलंय. पाळकसाहेबांकडून शब्द टाकून पाहिला. त्यांचा वशिला तिथं चालत नाही.