मामा, दादा आणि केशो

"मिशनवर चाललोय," असं घरी सांगितलं तेव्हा थोरल्या आत्यानं आधी माझं कपाळ चाचपलं. "मिरजंला? काय हुतंय रं तुला?" आमच्या कोरेगाव भागात मिशन म्हणजे मिरजेचा दवाखाना. मग संयुक्त राष्ट्रांचं मिशन, आफ्रिकेतला काँगो देश, शहराचं नाव गोमा, असं सगळं उलगडून सांगितलं. आत्या निवांत झाली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी फिरली की सुभेदार वर्षभर गोव्याला चाललाय, मजा आहे बाबा एकेकाची!

२०१० साली आम्ही निळ्या टोप्या घालून गोमात उतरलो. शहराच्या उशाशीच न्यिरागोंगो नावाचा ज्वालामुखी. २००२ च्या जानेवारीत त्याचा लाव्हा गावातून वाहत किवू सरोवरापर्यंत गेला आणि जाता जाता विमानतळाची धावपट्टीही थोडी गिळली. लोकांनी तोच लाव्हा गार झाल्यावर फोडला आणि त्याच्या भिंती रचल्या. त्या काळ्या भिंती बघून मला भरूनच आलं. थेट आमच्या वाड्याचा दगड! आमच्या एका साहेबांनी सांगितलं की आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे गोमा आणि सातारा चुलतभाऊच निघाले. आमचा भाऊ वयोमानानं शांत झालाय, इतकंच. रात्री त्या डोंगराच्या माथ्यावर लाल उजेड दिसायचा. फोनवर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग दार लावून झोपा."

भाषेची मला चिंता नव्हती, कारण पहिल्याच आठवड्यात कळलं की स्वाहिली मला येते. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', साबणाला 'साबुनी', अननसाला 'नानासी', लोणच्याला 'अचारी'. चहा तर 'चाय' आणि चपाती 'चपाती'च. उरलेली भाषा आपोआप येईल, असा माझा हिशेब होता.

रेशन यूएनचं यायचं, पोट भरायचं, पण मिरचीची भूक काही भागायची नाही. म्हणून दुभाष्याला घेऊन बाजारात गेलो. जमिनीवर टोमॅटोचे वाटे लावलेले, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखे. एका वाट्याकडे बोट दाखवून दोन बोटं वर केली, म्हणजे दोनशे फ्रँक. बाई म्हणाली, "हापाना." मी ऐकलं, "हा पण ना!" किती प्रेमळ बाई, म्हणत मी शेजारचा वाटाही पिशवीत ओतला. बाई ओरडली, "हापाना! हापाना!" मी तिसऱ्या वाट्याला हात घातला. तेव्हा दुभाष्यानं माझं मनगट धरलं आणि हापाना म्हणजे 'नाही' असं समजावलं.

सारवासारव करावी म्हणून मी हात जोडून म्हणालो, "चुकलं हो ताई." आता दुभाषाच दचकला. स्वाहिलीत 'ताई' म्हणजे गरुड.

तिथून पुढे नात्यागोत्याचा जो काला झाला, तो वर्षभर निस्तरला नाही. अनोळखी माणसाला नात्यानं हाक मारायची पद्धत तिथेही आपल्यासारखीच, पण नाती भलत्याच घरी नांदतात. 'काका' म्हणजे भाऊ. 'दादा' म्हणजे बहीण. आणि 'मामा' म्हणजे आई! आमच्या पाण्याच्या ट्रकवर सहा फुटी, मिशीवाला ड्रायव्हर होता. त्याला मी आठवडाभर आदरानं "दादा, दादा" करत होतो. तो बिचारा ऐकून घ्यायचा. यूएनची माणसं, काय बोलणार?

मिरचीवाल्या बाईला "मामा" म्हणायला माझी जीभ महिनाभर वळली नाही. वळली, ती नेमकी फोनवर वळली.

"मामांनी आज मूठभर मिरच्या जास्त घातल्या," मी घरी सांगितलं.

"कुणाचे मामा?"

"इथले. बाई आहेत त्या."

फोनचे पैसे चालू होते, तरी दोन्हीकडे शांतता.

पैशांची तर और तऱ्हा. डॉलरची नोट कोपऱ्यात केसभर फाटलेली असली तरी दुकानदार उजेडात धरून बघायचा आणि सोयरीक मोडल्यासारखी परत करायचा. फ्रँकची नोट मात्र पायपुसण्याइतकी मऊ आणि मळकी झाली तरी खुशाल चालायची. आम्ही डॉलर गणवेशाच्या वर कडक इस्त्रीत ठेवायचो.

१ जुलैला आमच्या मिशनचं नाव बदललं. आदल्याच दिवशी काँगोच्या स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली होती. आम्ही झोपलो मोनुकमध्ये आणि उठलो मोनुस्कोमध्ये. काम तेच, माणसं तीच, पाट्या मात्र नव्या. आमच्या फाटकावरच्या पाटीची चौकट गावातल्या सुताराकडे दिली. हा सुतार लाकडी चुकुडू बनवायचा. चुकुडू म्हणजे दोन चाकांची बिनपायडलाची दणकट ढकलगाडी. तिच्यावर बटाट्याची पोती रचून पोरं उतारावरून वाऱ्यासारखी सुटतात. बैल सोडलेली बैलगाडी स्वतःच पळत सुटावी, तसं दृश्य.

चौकट कधी मिळेल, विचारलं. सुतार म्हणाला, "केशो."

मला वाटलं, केशो हा त्याचा कारागीर. दुसऱ्या दिवशी गेलो. "केशो." तिसऱ्या दिवशीही "केशो." मी साहेबांना अहवाल दिला की सुतार भला माणूस आहे, पण तो केशो कामावर येत नाही, मुख्य मिस्त्री तोच दिसतो. साहेबांनी दुभाष्याला बोलावलं. केशो म्हणजे 'उद्या'.

आता निवृत्त होऊन गावी आलोय. ओळखपत्रावर 'माजी सैनिक' छापलंय. स्वाहिलीत 'माजी' म्हणजे पाणी, हे मी कुणाला सांगत नाही. पण ग्रामपंचायतीला कसं कोण जाणे कळलं असावं, कारण त्यांनी मला पाणीपुरवठा समितीवर घेतलं. उन्हाळ्यात बायका घागरी घेऊन दारात येतात आणि टँकर कधी येणार, विचारतात. मी सांगतो, "केशो."

परवा आत्या शेजारणीला समजावत होती, टँकरवाला केशव म्हणून कुणी आहे, माणूस चांगला आहे, पण खाडे फार करतो.