निरोप समारंभ झालेली बोट

नेपोलियनला डांबून ठेवायला इंग्रजांनी १८१५ साली सेंट हेलेना बेट निवडलं. भूगोलाच्या पेपरात त्यांना पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवेत. दक्षिण अटलांटिकच्या ऐन मध्यावर हे बेट, आफ्रिकेचा किनारा तिथून सुमारे १,९०० किलोमीटर. सम्राट सहा वर्षांत सुटला, म्हणजे वारला. बेटावरच्या साडेचार हजार लोकांचा गुन्हा तर काहीच नाही. तरी त्यांच्या सुटकेची सोयही बरीच वर्षं एकच होती.

‘आरएमएस सेंट हेलेना’. १९९० पासून ही बोट केप टाउनहून निघे ती पाच-सहा दिवसांनी बेटाला लागे. माणसं, टपाल, मोटारी, बटाटे, औषधं, नाताळचा माल, सगळं तिच्याच पोटात. वाटेत वेळ कसा काढायचा? डेकला जाळ्या लावून प्रवासी विरुद्ध कर्मचारी असा क्रिकेटचा सामना व्हायचा. खेळपट्टीच डुलत असताना फिरकी गोलंदाजाला वेगळं काही करावं लागत नसेल!

खरी परीक्षा उतरताना. जेम्सटाउनला बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब नांगर टाकी आणि माणसं छोट्या होडीतून येत. पायऱ्यांवर दोर लोंबत असतात. लाट होडीला वर उचलते, त्या क्षणी दोर धरायचा आणि पाऊल टाकायचं. जरा विचार करत बसलं, की होडी खाली.

मग ब्रिटिश सरकारने साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चून विमानतळ बांधला. २०१६ च्या जूनमध्ये बोट थेट लंडनला, थेम्समध्ये जाऊन रीतसर निरोप घेऊन आली. पण त्याआधीच लक्षात आलं होतं, की धावपट्टीवर वारा असा उलटसुलट वाहतो की मोठं प्रवासी विमान उतरवणं धोक्याचं. हार-तुरे घेऊन घरी निघालेल्या कारकुनाला फाटकातून परत बोलवावं, तशी बोटीला मुदतवाढ मिळाली.

कारकून वयाप्रमाणे वागला. २०१७ मध्ये बोटीच्या पंख्यानेच दगा दिला आणि प्रवासी बेटावर अडकले. त्यांना न्यायला मे महिन्यात खास विमान मागवावं लागलं, आणि ते उतरलं त्याच ‘निकामी’ धावपट्टीवर! विमान जमेना म्हणून बोट ठेवली, बोट चालेना म्हणून विमान आलं. सरकारी कारभार बेटावरही तसाच चालतो, हे वाचून आपल्याकडच्यांनी हायसं वाटून घ्यायला हरकत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये जोहान्सबर्गहून लहान विमानाची नियमित फेरी सुरू झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये बोट खरोखर निवृत्त झाली. तरी ती घरी बसली नाहीच. पुढे विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या देशोदेशी वाहू लागली. बेटाचा जड माल मात्र अजूनही जहाजानेच येतो; फक्त ते जहाज आता दुसरं आहे.