सुटेबल डेटा

पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग हॉस्टेलात जा, जिन्याशेजारच्या खोलीत एक दादा असतो. तो नक्की कोणत्या वर्षाला आहे, हे विचारायचं नसतं. त्याच्याबरोबर आलेली पोरं आता कंपनीच्या बसने हिंजवडीला जातात. दादा अजून गणिताच्या एम-थ्री पेपरला जातो. वर्षातून दोनदा.

एरवी ही खोली दुपारी बारापर्यंत बंद. पण सबमिशन उरकून परीक्षेआधीची पीएल लागली की तिथे दत्ताच्या देवळात गुरुवारी असते तशी गर्दी. दारात चपलांचा ढीग, आत गादीवर दादा, अंगात तीन वर्षांपूर्वीच्या गॅदरिंगचा टी-शर्ट.

"दादा, शेवटचं युनिट ऑप्शनला टाकू का?"

दादा डोळे मिटतो. "पहिली दोन युनिटं इनसेमच्या तिसात संपली. एन्डसेम सत्तरची, युनिटं उरली चार. प्रत्येक युनिटवर दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचा. म्हणजे ऑप्शन प्रश्नाला आहे बाळा, युनिटला नाही. एक टाकलंस की सतरा-अठरा मार्कांवर पाणी."

सगळे माना डोलावतात. हा २०१९ पॅटर्न विद्यापीठाने आणला. तो पोरांच्या गळी उतरवायचं काम दादाने अंगावर घेतलं.

विषयाचं पुस्तक त्याने क्वचितच उघडलं असेल, पण जुने पेपर तो पत्रिकेसारखे वाचतो. "जो प्रश्न चारदा आलाय त्याच्याशी लग्न कर. दोनदा आलाय त्याच्याशी ओळख ठेव. आकृती पेन्सिलीने काढ, नावं दे. गणित अडलं तरी सूत्र आणि पायऱ्या लिही, स्टेपला मार्क असतात. अभ्यास डिकोड गाइडमधून कर, पण ओरलला बाहेरून आलेले सर पुस्तक विचारतील तेव्हा डिकोडचं नाव काढू नकोस. जाड पुस्तकाच्या लेखकाचं नाव पाठ कर. कव्हरचा रंगसुद्धा, मला विचारला होता."

इलेक्टिव्हची निवडही इथेच होते. "नावावर जाऊ नकोस. सिलॅबस उघड, गणितं किती, पाठांतर किती ते बघ आणि तुला काय झेपतं ते ठरव. मित्राने घेतला म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. मी घेतला होता."

"मग?"

"मित्र सुटला."

एवढं ज्ञान असून दादा स्वतः का अडकतो? त्याचं मूळ पेपरवरच्या सूचनांत आहे. तिथे शेवटी छापलेलं असतं, गरज पडल्यास सुटेबल डेटा अझ्यूम करा. बाकीच्यांसाठी ती एका गणितापुरती सवलत. दादाने ती आयुष्याला लावली. पेपर पुढे जाणार, हे तो गृहीत धरतो. पुढे नाहीच गेला तर सोपा निघणार, हेही. निकालानंतर फोटोकॉपी मागवायची आणि रिव्हॅल्युएशनला तीन मार्क वाढणार, हे तर पेपरला बसण्याआधीच धरलेलं. फोटोकॉपी येते. ती चाळून दादा म्हणतो, "अक्षर बाकी छान आलंय."

गेल्या वेळी एम-थ्रीच्या आदल्या रात्री दोन वाजता मी त्याचं दार वाजवलं. व्हेक्टर कॅल्क्युलस डोक्यावरून जात होतं. दादाने अंथरुणातून उठून पाऊण तास समजावलं. वर्गात चार महिन्यांत कळलं नव्हतं ते कळलं. माझ्यामागे आणखी तिघं उभे होते. सकाळी दहाला आम्ही एकाच पेपरला गेलो, मी, ते तिघं आणि दादा.

आम्ही चौघंही सुटलो. दादा अडतिसावर थांबला, पासिंगला चाळीस लागतात. पेढे घेऊन गेलो तर दोन उचलून म्हणाला, "बघ, पायऱ्या लिहिल्यास ना?"

तेव्हा लक्षात आलं, सुटेबल डेटा आम्हीही धरला होता. याला काय, वेळच वेळ आहे. याचं काही अडत नाही.

म्हणून सांगतो, यंदा दादाकडे जरूर जा, त्याचं सगळं ऐका. पण रात्री दहाच्या आत जा, आणि निघताना दार ओढून घ्या. सकाळी त्यालाही पेपर आहे.