ओरिजिनल आहे का हो?

आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजात १९६६ सालची पॉन्टिॲक जीटीओ आहे. पत्रा १९६६ चा, एकावर एक रचलेले हेडलाइट १९६६ चे, अंगावरची अक्षरं १९६६ ची. बाकी जे काही आहे ते आमच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीपेक्षा वयानं लहान आहे.

शेजारी सत्तरी ओलांडलेले. डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉयल ओक म्हणून गाव आहे, तिथं आमची कुंपणाला कुंपण लागून घरं. आमच्यात त्यांना 'जीटीओकाका' म्हणतात. बायको त्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हा ते गाडीखाली होते आणि नुसते बूट दिसत होते. अजूनही दुकानात वगैरे भेटले तर ती आधी खाली बघते, मग हसते. निवृत्तीनंतर माणसं चारधाम करतात, काकांनी फंडाचे पैसे बॉनेटखाली घातले. मूळचं इंजिन उतरवून शेव्हरलेचं ६.२ लिटरचं, ४३० हॉर्सपॉवरचं एलएस३ बसवलं. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. चारी चाकांचे ड्रम ब्रेक जाऊन डिस्क आले. सहा गियरचा बॉक्स, नवे शॉकअप, नवं स्टिअरिंग, एसी. रेडिओचं तोंड जुनंच, पण त्यामागे ब्लूटूथ. इतकं नवं आत घालायचं आणि ते बाहेरून कुणाला कळू नये म्हणून पुन्हा तेवढाच खर्च करायचा, अशी या छंदाची रीत आहे. जुनं इंजिन मात्र विकलेलं नाही. ते कोपऱ्यात स्टँडवर असतं, अंगावर चादर घेऊन. पाहुणा आला की चादर वर करून दर्शन देतात.

अशा गाडीला इथे रेस्टोमॉड म्हणतात. प्रेमानं की तुच्छतेनं, हे म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या गॅरेजात काय उभं आहे त्यावर ठरतं. शनिवारी सकाळी कॉफीचे पेले हातात धरून जुन्या गाड्यांचे मालक पार्किंग लॉटमध्ये जमतात. त्यात एक सोवळा पक्ष असतोच. इंजिनवर ठोकलेला नंबर आणि कारखान्याच्या कागदावरचा नंबर एकच आहे का, हे ते आधी बघतात. पत्रिका जुळली तरच पुढची बोलणी. ही मंडळी बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा वाचतात. कारखान्यातल्या घाईत रंगाचा फवारा जिथं चुकून उडायचा, तिथंच तो पुन्हा मुद्दाम उडवून घेतात, आणि त्या चुकीचे कारागिराला भरपूर पैसे मोजतात. यांच्यातल्या एका गृहस्थांनी काकांच्या बॉनेटखाली डोकं घातलं, पॉन्टिॲकच्या पोटात शेव्हरले पाहिली, बॉनेट हळूच मिटलं आणि काकांचा हात हातात घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मला गंमत वाटते ती निराळीच. ज्या गाडीच्या पावित्र्यावरून ही भांडणं चालतात, ती जन्मतःच मॉडिफाय केलेली होती.

पॉन्टिॲक ही जनरल मोटर्सचीच एक शाखा. १९६३ साली जनरल मोटर्सचा नियम असा होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकचे चीफ इंजिनिअर होते जॉन डिलॉरिअन. त्यांच्या हाताखाली बिल कॉलिन्स आणि रस जी हे दोघे. टेंपेस्ट ही पॉन्टिॲकची साधीसुधी घरगुती गाडी, बाजारहाट आणि चर्चला जाण्यातली. तिच्यात मावणारं ३२६ घनइंची इंजिन आणि मोठ्या पॉन्टिॲकमधलं ३८९ घनइंची इंजिन, यांचं बाहेरचं माप सारखंच होतं. या तिघांच्या ते ध्यानात आलं आणि ६.४ लिटरचं धूड त्या सालस गाडीत जाऊन बसलं. राहता राहिला नियम. तो गाडीच्या मॉडेलला लागू होता, ऑप्शनच्या यादीला नव्हता. मग नवं मॉडेल काढायचंच नाही! टेंपेस्ट ल मान्स घ्या आणि वर सुमारे ३०० डॉलर मोजून 'जीटीओ' नावाचा ऑप्शन घ्या. साहेबाच्या परिपत्रकातून इतक्या सफाईनं वाट काढणारा माणूस डेट्रॉइटमध्ये जन्मला, हे आपल्या मंत्रालयाचं नुकसान आहे.

नावही स्वतःचं नव्हतं, ते सरळ फेरारीचं उचललं. इटलीतल्या जीटीओचा अर्थ शर्यतीसाठी अधिकृत मान्यता मिळालेली गाडी. या जीटीओला तर आपल्याच कंपनीची मान्यता धड नव्हती. पाच हजार खपल्या तरी पुरे, असा विक्रीखात्याचा हिशोब होता. १९६४ च्या त्या पहिल्या वर्षात ३२,४५० खपल्या.

खरी बहार पुढेच आहे. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मुखपृष्ठावर पॉन्टिॲक जीटीओ आणि फेरारी जीटीओ एकमेकींना भिडलेल्या. आत भरभरून कौतुक. प्रत्यक्षात फेरारी चाचणीला आलीच नव्हती, ती फक्त चित्रकाराकडे गेली होती. आणि जी पॉन्टिॲक पळवली ती आमच्याच रॉयल ओकमधल्या 'रॉयल पॉन्टिॲक' या डीलरनं तयार केलेली, ३८९ च्या जागी गुपचूप ४२१ घनइंची इंजिन घातलेली. जाहिरातवाले जिम वँगर्स यांनी हे पुढे कितीतरी वर्षांनी कबूल केलं. म्हणजे जिच्यामुळे जीटीओचं नाव झालं तिचंही इंजिन तिचं नव्हतं. काकांनी फार तर गावची परंपरा चालवली.

मध्यंतरी बाबा पुण्याहून आले होते. बाबांची उभी हयात एका सेकंडहँड फियाटवर गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगला गियर असलेली. काकांनी मोठ्या अभिमानानं बॉनेट उघडलं. बाबांनी चष्मा पुसला, आत वाकून पाहिलं आणि मराठी माणूस कोणत्याही गाडीला विचारतो तो पहिला प्रश्न विचारला.

"ॲव्हरेज किती देते?"

मी विचारलं. काका म्हणाले, "पंधरा."

"वाईट नाही," बाबा म्हणाले. "आमची बारा द्यायची."

मग मला सांगावं लागलं की हे पंधरा मैल आहेत आणि गॅलनला आहेत, लिटरला साडेसहासुद्धा भरणार नाहीत. जुन्या इंजिनावर तर चारच. शिवाय या एका इंजिनात तुमच्या जवळजवळ सहा फियाट मावतील. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "सीएनजी नाही का बसत?"

काकांनी त्यांना वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून फिरवून आणलं. याच रस्त्यावर साठच्या दशकात पोरं सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावत. काका त्यातलेच. तेव्हाची जीटीओ दीड टनाच्या वरची आणि ब्रेक चारी ड्रमचे. पळायची सुरेख, थांबण्याविषयी मात्र तिचं नक्की मत नसायचं. त्यामुळे डिस्क ब्रेक बसवण्यावर ज्यांचा आक्षेप आहे, त्यांनी आधी तशी गाडी उतारावर सिग्नलला थांबवून दाखवावी असं माझं स्पष्ट मत आहे. बाबा परत आले ते केस उभे राहिलेले आणि खूश. "फायरिंग काय आहे रे!" म्हणाले. मी त्यांना सोवळ्या पक्षाचं गाऱ्हाणं सांगितलं. "अरे, आमच्या फियाटीत तरी ओरिजिनल काय होतं?" बाबा म्हणाले. "दोनदा बोअर केली, दरवाजा दुसऱ्या गाडीचा, पंखा लॅमिंग्टन रोडचा. ओरिजिनल फक्त आरसी बुक."

पुढे धुराचे नियम आले, तरुणांच्या विम्याचे हप्ते भडकले, १९७३ साली अरबांनी तेल अडवलं आणि १९७४ नंतर ही जीटीओ बंद झाली. २०१० मध्ये पॉन्टिॲक हे नावच मिटलं. उरलेल्या गाड्यांपैकी कुणी काचेआड ठेवतो, कुणी काकांसारखा रोज ब्रेड आणायला नेतो. मला ब्रेड आणायला नेणारे अधिक पटतात. आपल्याकडचा २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम मात्र सोवळ्यांच्या बाजूचा आहे. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, आणि चासी, बॉडी, इंजिनात फेरफार केलेला नको. त्या हिशोबानं काकांची गाडी पुण्यात विंटेज ठरणार नाही. बाबांची फियाटही ठरली नसती.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर 'ड्रीम क्रूझ' असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून थेट पॉन्टिॲक गावापर्यंत हजारो जुन्या गाड्या दिवसभर एकामागून एक रांगत असतात. त्या सुमारास इकडे येणार असाल तर जरूर या. घडीच्या खुर्च्या आमच्याकडे आहेत, कानात घालायला कापूस आपापला आणा. गाडीवाल्याला हवं ते विचारा, किंमत विचारा, आत बसू का विचारा, नाही म्हणणार नाही. फक्त "ओरिजिनल आहे का हो?" एवढं विचारू नका. त्याचं उत्तर जेवणाच्या वेळेआधी संपत नाही.