आधी प्लग काढा

निगडी-प्राधिकरणापासून भोसरीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी स्कूटर तीन किकांत चालू झाली नाही, की चौथ्या किकेला काका हजर. अंगात बनियन, खाली लेंगा, लेंग्याच्या खिशात प्लगपाना. 'कंपनीतून' निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कुठली कंपनी, हे विचारायचं नसतं. आकुर्डीकरानं कंपनी म्हटलं की बजाज, पिंपरीकरानं म्हटलं की टेल्को. बाकीच्यांनी नाव सांगावं.

बजाजची चेतक १९७२ साली आली. पुढं कित्येक वर्षं ती नंबर लावूनच मिळायची आणि मिळाल्यावर सकाळी आडवी करून चालू करावी लागायची. तेव्हाच्या माणसांत संयम होता तो यामुळेच, असं काकांचं मत आहे. हे मत ते आपल्याला किक मारायला लावून सांगतात.

"आधी प्लग काढा." प्लग ओला निघाला की काकांचा चेहरा खुलतो. पेट्रोल येतंय, आग नाही. म्हणजे केस आपली. कोरडा निघाला तर दोष कार्बोरेटरकडे जातो आणि काकांचा निम्मा उत्साह मावळतो. कार्बोरेटर साफ करणं हे त्यांच्या लेखी मोरी तुंबल्यासारखं काम. ते कोणीही करावं. मग प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवायचा आणि आपण किक मारायची. ठिणगी निळी, टणक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सरवर संशय. अजिबात नसेल तर आधी ऑफ स्विचची वायर सोडवायची, कारण ती कुठंतरी अर्थ होत असते. त्यानंतर मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवायचा आणि गॅप बघायची. घरी फीलर गेज आहे, पण काका लग्नपत्रिकेचा कोपरा वापरतात. कुणाच्या लग्नाची पत्रिका नेमकी ०.४ मिलिमीटर भरते, हे त्यांना पाठ आहे. त्या जोडप्याचं पुढं काय झालं, ते विचारलं तर आठवत नाही.

गाडी चालू झाली की आपण आभार मानतो. काका ती बंद करतात. "चालू झाली हो, पण बंद का पडली होती?" ऑफिसला उशीर होतोय, हे कारण त्यांना मान्य नसतं.

एकदा मुलगा-सून त्यांना तारकर्लीला घेऊन गेले. खाडीत होडीचं जुनं आउटबोर्ड बंद पडलं. होडीवाला दोरी ओढून ओढून दमला. सुनेनं काकांचा हात धरून ठेवला होता, पण टू-स्ट्रोक इंजिन आणि फ्लायव्हीलखाली मॅग्नेट, म्हणजे चेतकच की ही, फक्त पोहणारी! "काकानू, हात लावू नकात," असं तो म्हणेपर्यंत काकांनी वरचं झाकण काढून स्टॉप स्विचची वायर सोडवली होती. खाऱ्या हवेनं ते टोक हिरवंगार झालं होतं. पुढच्या ओढीला इंजिन धडधडलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. किनारा जवळ आल्यावर होडीवाल्यानं शांतपणे विचारलं, "आता बंद कशी करतलात?" वायर सुटलेली, त्यामुळे बटण दाबून उपयोग नव्हता. शेवटी त्यानंच चोक ओढून इंजिन गुदमरवलं. काका पाण्यात उतरता उतरता सांगत होते, "याचा अर्थ माझं निदान बरोबर होतं."

२०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, तीही जवळच्या चाकणहून. शेजारच्या पोरानं ती घेतली तेव्हा काकांनी पेढा घेतला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि वाकून खाली बघितलं. किक नाही, प्लग नाही, पॉइंट नाहीत. चार महिन्यांनी ती बंद पडली, तेव्हा काका त्याच्याआधी पार्किंगमध्ये. सर्व्हिसचा मुलगा आला, त्यानं मोबाइल बघितला, काहीतरी दाबलं आणि गाडी चालू झाली. काकांनी त्याचे हात उलटेपालटे करून तपासले. दोन्ही स्वच्छ.

"फॉल्ट सापडलेला नाही," त्यांनी पोराला बाजूला घेऊन सांगितलं. "नुसता लपलाय."

आता रोज संध्याकाळी तो पोरगा कामावरून आला की काका गेटजवळ उभे असतात आणि मोठ्या आशेनं विचारतात, "काय रे, आज बंद पडली का?"